शुक्रवारच्या पापण्या

ता. ६ जानेवारी

चि. छबूस,
ताईचे अ. उ. आशीर्वाद.

तुझ्या लेकीचं पत्र काल आलं. बिट्टी मला दोन ओळींच्या वर कधी लिहीत नाही आणि हे चार पानी, म्हणून चहा बाजूला ठेवूनच वाचायला घेतलं. सकाळी उठतेस तेव्हा तुझ्या पापण्या टम्म सुजलेल्या असतात, एक डोळा तर धड उघडतही नाही, असं महिनाभर चाललंय म्हणे. तिची खात्रीच आहे की तू तिच्या बाबांसाठी रात्रभर रडतेस आणि तिला कळू नये म्हणून उशीत तोंड खुपसतेस. नकाशांच्या कचेरीतली ती नोकरी, जिच्यासाठी पोरीने दोन वर्षं मान मोडून रेघा ओढल्या, ती आता नाकारणार आहे. एकतीस तारखेपर्यंत होकार कळवायचाय. अशा आईला टाकून परगावी कशी जाऊ, असं तिने मला विचारलंय. काय सांगू मी तिला?

छबू, यजमानांना जाऊन आठच महिने झालेत. रडू येणारच. पण रडायचं तर दिवसा रड, मला फोन करून रड. निजताना उशीखाली आणखी एक उशी घे. वरून मीठ घ्यायची सवय सोड. सकाळी स्वच्छ फडकं गार पाण्यात पिळून दहा मिनिटं डोळ्यांवर ठेव. आणि चोळू नकोस ग! शाळेत डोळे चोळतेस म्हणून सिस्टरने तुला भर उन्हाळ्यात लोकरी हातमोजे घालून बसवलं होतं, आठवतं? मी खिडकीतून बघून हसले आणि मग मलाही बाकावर उभं केलं.

उलट टपाली उत्तर हवं. माया आहेच, काळजीने ती कमी होत नाही, इतकं ध्यानात ठेव.

तुझी,
ताई


ता. १२ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी एकच सांगते. मी रडत नाही. हे मी बिट्टीला सांगितलं, शेजारच्या शिंपीणबाईंना सांगितलं, दूधवाल्यालाही सांगितलं. सगळे मान हलवतात आणि आवाज खाली आणून बोलतात. रडले ग, पहिले दोन महिने न्हाणीघरात नळ सोडून पोटभर रडले. ते आता ओसरलंय. पण सुजलेल्या डोळ्यांनी असं म्हणणाऱ्या बाईवर विश्वास कोण ठेवणार?

तुझे उपाय केले. गार फडक्याने बरं वाटतं, तासाभराने पुन्हा तेच. मीठ कमी केलं तर बिट्टी ताटावरून अर्धपोटी उठली. काजळ बंद केलं, साबण बदलला, उशांचे अभ्रे उकळून काढले. काकडीच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून पडले होते, तर शिंपीणबाई दारातच किंचाळल्या. कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली, रक्त तपासलं. सगळं ठीक आहे. मग घरात नवं काय आणलं, हात कशाकशाला लागतो, रंग, अत्तर, डिंक, असं खोदखोदून विचारलं. मी काही नाही म्हटलं. बिट्टी शेजारीच बसली होती.

खरी शोभा दुकानात. चष्म्याचं दुकान आणि मालकीणबाईंचेच डोळे मिटलेले! परवा एक आजोबा म्हणाले की बाई, आधी तुमचं बघा, मी पुढच्या आठवड्यात येतो. हे असते तर आतल्या खोलीत भिंग घासता घासता फिदीफिदी हसले असते.

बिट्टीला तूच समजाव. माझ्यापायी ती थांबली तर मी तिच्या नजरेला नजर कशी देऊ?

रागावलीस तरी दूर करू नकोस.

तुझीच,
छबू


ता. १७ जानेवारी

चि. छबूस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा एक वाक्य खुपलं. बिट्टी शेजारीच बसली होती, हे तू मला का लिहिलंस?

म्हणून तिला फोन केला. नकाशे काढणारी मुलगी ती. तिने तुझ्या पापण्यांचाही नकाशा काढलाय. कॅलेंडरवर रोज पेन्सिलीने एक गोल, सूज जितकी तितका मोठा. सगळ्यांत मोठे गोल शुक्रवारचे, मग बुधवारपर्यंत लहान लहान होत जातात. आणि गुरुवारी तुझं दुकान बंद असतं. दुपारी तू ग्रंथालयात जाते म्हणून निघतेस आणि तीन तासांनी येतेस, हातात पुस्तक नाही. तिला वाटतं, तू नदीकाठी, तुम्ही दोघं बसायचात त्या बाकावर जाऊन रडतेस.

मला तसं वाटत नाही. काही लपवायचं असलं की तू भारंभार तपशील पुरवतेस, लहानपणापासून. अभ्रे झाले, साबण झाला, काकडी झाली. गुरुवारबद्दल मात्र अक्षर नाही.

रडत असशील तर मी पहिल्या गाडीने येते. कुणी गृहस्थ असेल तर त्याच्याही आधीच्या गाडीने येते, बघायला. पण डॉक्टरीणबाईंपासून काही चोरून ठेवलं असशील, तर त्या बिचारीने औषध द्यायचं तरी कशावर? बिट्टीच्या हातात चौदा दिवस आहेत, छबू.

तुझ्यावर डोळा ठेवून असलेली आणि तितकाच जीव लावणारी,
ताई


ता. २० जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गृहस्थ आहे. पंचाहत्तरीचा, ऐकू कमी येतं, दात सगळे गेलेले. वाद्यं दुरुस्त करतो. त्याच्या दुकानामागे बिनखिडकीची एक खोली आहे. तिथे दर गुरुवारी मी व्हायोलिन वाजवते. हसलीस ना? हस.

त्याचा चष्मा पोचवायला गेले होते. भिंतीवर एक व्हायोलिन टांगलेलं होतं. सहज हनुवटीखाली धरलं आणि ताई, चाळीस वर्षांनी बोटं आपल्या जागा शोधत गेली. शाळेत व्हायोलिन शिकवताना सिस्टर पट्टीने मनगट वर उचलायच्या, तसं मनगटही आपोआप उचललं गेलं. म्हातारबुवा म्हणाले की येत जा, पडून पडून लाकूड रुसलंय.

तू विचारशील की लपवलं कशाला. बिट्टी अजून दर रविवारी बाबांचे बूट पुसून दारात ठेवते. एकदा भांडी विसळताना मी गुणगुणले, तर ती उठून आपल्या खोलीत गेली. त्या मुलीला कसं सांगू, की आठवड्यातून तीन तास मी तिच्या बाबांना विसरते?

तुझं औषधाचं वाक्य वाचलं आणि गुरुवारचा हिशेब मांडला. व्हायोलिनच्या गजाला राळ घासावी लागते, त्याशिवाय तार बोलत नाही. झाडाच्या चिकाची वडी असते ती. तिची पांढरी पूड उडते, बोटांवर बसते, शालीवर बसते. आणि तीच शाल मी रात्री पांघरून निजते! डॉक्टरीणबाई डिंक म्हणाल्या तेव्हाच मला सुचायला हवं होतं. सुचलंही असेल, मी सुचू दिलं नाही.

आज बिट्टीला सांगते, उद्या डॉक्टरीणबाईंना. एक बोलणं सोडेल आणि दुसरी वाजवणं सोडा म्हणेल, अशी धास्ती आहे.

या वेड्या बहिणीवर आहे तसाच लोभ राहू दे.

छबू


ता. २८ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आईने सांगितलं. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तुला खरं सांगते, राग व्हायोलिनचा नव्हता. मी महिनाभर ते गोल काढत होते आणि प्रत्येक गोल बाबांसाठी आहे असं समजत होते. बाबांसाठी रडणाऱ्या आम्ही दोघी आहोत, याचा आधार वाटायचा. एकदम मी एकटीच उरले.

तरीही डॉक्टरांकडे बरोबर गेले. त्यांनी आईच्या पाठीवर निरनिराळ्या वस्तूंच्या लहान लहान पट्ट्या चिकटवल्या आणि दोन दिवसांनी काढल्या. बाकी सगळं कोरं, आणि राळेच्या जागी लालबुंद चट्टा. आईला स्वतःची पाठ दिसेना. ती सारखी विचारत होती की काय आहे, काय आहे, इतकी घाबरून की मला एकाएकी हसू फुटलं. मग ती हसली. मग डॉक्टरही. मावशी, आठ महिन्यांत पहिल्यांदा आम्ही एका वेळी हसलो.

वाजवणं सोडायचं नाही. झाडाच्या चिकाशिवाय केलेली वडी मिळते, ती आणायची. वाजवून झालं की वाद्य ओलसर फडक्याने पुसायचं, लगेच हात-तोंड धुवायचं, शाल धुवायला टाकायची, आणि पापणीला बोट म्हणून लावायचं नाही. मलम दिलंय ते मोजके दिवस. संपल्यावर मनाने दुसरं आणायचं नाही, हे आईला तीनदा बजावलं. सूज पुरती उतरायला काही आठवडे लागतील. आणि खोलीला खिडकी हवी.

बाबांच्या भिंगं घासायच्या खोलीला मोठी खिडकी आहे. काल मी ती झाडून पुसून घेतली. म्हातारबुवांकडून व्हायोलिन आम्ही दोघींनी मिळून आणलं.

होकाराचं पत्र आज पेटीत टाकलं. दोनदा पत्ता तपासला, मग टाकलं.

परगावी गेले तरी तुझी चार पानी पत्रं मला हवीत.

तुझी,
बिट्टी


ता. २४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बिट्टीला जाऊन दहा दिवस झाले. स्टेशनवर दोघींनी हट्टाने कोरडे डोळे ठेवले. पापण्या आता माणसांसारख्या दिसतात. डाव्या कोपऱ्यात थोडी खाज आहे, पण मी पाठीमागे हात बांधून बसते, तुझी शपथ.

काल तिचा फोन आला. तीनदा वाजून गेला म्हणे, मला ऐकूच आला नाही. चौथ्यांदा उचलला. पोर घाबरली असेल म्हणून मी भडाभडा सुरू केलं की बरी आहे, जेवले आहे, सूज नाही, रडले नाही. तिने मला थांबवलं. उचलत नव्हतीस तेव्हाच कळलं की वाजवत असशील, म्हणाली. आणि मग, जरा दबक्या आवाजात, फोन टेबलावर ठेव आणि वाजव.

मी वाजवलं. सिस्टर शेवटच्या वर्षी शिकवत होत्या ते संथ गाणं, जे माझं कधी पुरं बसलंच नाही. दोन ठिकाणी चुकले. तिसऱ्या ठिकाणी सावरले. अर्ध्याच्या थोडं पुढे गेले असेन, तेवढ्यात टेबलावरून तिचा बारीक आवाज आला, की आई, नवा नकाशा आलाय, साहेब बोलावताहेत, पळते. आणि फोन बंद.

एका नकाशासाठी मला मध्येच टाकून गेली बघ! इतकं बरं वाटलं, काय सांगू.

गज खाली ठेवला नाही. राहिलेलं तिथूनच पुढे वाजवून पुरं केलं.

तुझा लोभ चुकीच्या सुरांसकट असावा.

तुझी,
छबू