नदीपल्याडच्यांनी ठेवलेलं नाव

प्रिय शेवंताबाई,

दचकलात ना? या घरात तुम्हाला या नावाने आजवर कुणी हाक मारली नाही, आणि पहिली हाक सुनेने मारावी म्हणजे जरा अतीच झालं! पण काय करू, आत्याबाई? तुमचं हे नाव आम्हाला गेल्या आठवड्यात कळलं. येत्या रविवारी तुमच्या नातवाचं, आपल्या महेशचं लग्न आहे. त्याआधी तुमच्याशी बोलल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, म्हणून लिहायला बसले.

गाणगापूरच्या संगमावर तुमचं वर्षश्राद्ध केलं. भटजींनी नाव विचारलं आणि तुमच्या लेकाने सांगितलं, "भीमाबाई." रेशनकार्डावर तेच, गावाच्या तोंडी तेच, शंका यावी कशी? परतताना मीच म्हटलं, इतक्या लांब आलोय तर अफजलपूरच्या पुढे आत्याबाईंचं माहेर आहे, बघून तरी जाऊ. तुमचे भाऊ गेल्यापासून त्या वाटेला आमचं कुणी फिरकलंच नव्हतं.

तुमच्या शेजारच्या ओसरीवर गंगव्वा बसल्या होत्या. तुमच्याच वयाच्या. तोंडात दात नाही, पण आवाज काय खणखणीत! मी सांगितलं, आम्ही भालकीकडचे, भीमाबाईंच्या घरचे. त्यांनी नदीकडे बोट केलं.

"भीमाबाई कोन? भीमा ती काय, तिकडं वाहायलीय. हितनं गेली ती आमची शेवंता!"

तुमचा लेक तिथेच पायरीवर बसला. साठी उलटलेला माणूस, आईचं नाव पहिल्यांदा ऐकत होता. मामा तुम्हाला अक्का म्हणायचे, मामंजी तर नुसतंच "अगं" म्हणायचे. मग कळणार कुठून?

पुढचं गंगव्वांनीच सांगितलं. लग्नात तांदळात तुमचं नाव लक्ष्मी लिहिलं, पण त्या नावाने कुणी बोलावलंच नाही. भीमाकाठची सून म्हणून आधी भीमाकाठची, मग नुसतीच भीमा. पहिल्या पंचमीला माहेरी आलात तेव्हा झोक्यावर बसून गंगव्वांना म्हणालात म्हणे, "मला तिकडं नदीच्या नावानं हाका मारायलेत गं." दोघी हसलात. नंतर रडलातही, हेही त्यांनीच सांगितलं.

आणि मला आपली पूजा आठवली. तुमची ही नात तेव्हा शाळकरी होती. तुम्ही सुपात तूर पाखडत होता आणि ती पुस्तक घेऊन तुमच्यापुढे बसली होती. एका देशाला भारत, हिंदुस्तान, इंडिया अशी इतकी नावं कशी, हा तिचा प्रश्न. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "एका बाईला असतेत, देशाला कामून नसावीत?"

मग तिने तुम्हालाच धडा शिकवला. पश्चिमेकडून येणाऱ्यांना आधी सिंधू नदी लागायची. इराणच्या लोकांच्या तोंडी सिंधूचं हिंदू झालं, ग्रीकांच्या तोंडी इंडोस. पल्याडचा सगळा मुलूख त्या नदीच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. भारत हे नाव मात्र घरातलं, फार जुनं.

तुम्ही सूप खाली ठेवलंत. "म्हंजे नदीच्या पल्याडच्यांनी ठिवलं व्हय नाव? आन घरच्यांना कुनी इचारलं बी न्हाई?" आणि हसलात, डोळ्यांना पदर लावेपर्यंत हसलात. मला वाटलं, यात हसण्यासारखं काय आहे? आज कळतंय, आत्याबाई. पूजा देशाची गोष्ट सांगत होती आणि तुम्ही तुमचीच ऐकत होता.

एक राग मात्र आहे माझा. तेव्हा का नाही सांगितलंत? मी समोरच भाकरी थापत होते. मीही तांदळातली सुनंदा आणि माहेरच्या गावावरून गल्लीतली दुबलगुंडीवालीच होते की! रुक्मिण म्हणणारं कुणी उरलं नाही म्हणून मी कधी कधी मोरीत जाऊन रडायचे. दोघी मिळून रडलो असतो.

आता महेशच्या लग्नाचं ऐका. मुलगी आरती, कलबुर्गीला दवाखान्यात नर्स आहे. सुमनवन्संनी महिन्यापूर्वीच ठरवून टाकलं होतं की तांदळात तिचं नाव भीमाच लिहायचं. "माजी आई परत घरात येईल," म्हणाल्या. तुमच्याच लेकीची माया, मी काय बोलणार? आरतीला फोनवर सांगितलं तर ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "चालतंय आत्या, तुमी म्हनाल तसं." ते गप्प होणं मी ओळखलं. तांदळात सुनंदा लिहिलं गेलं तेव्हा मीही तशीच गप्प झाले होते.

गाणगापूरहून आल्यावर वन्संना सगळं सांगितलं. त्या कितीतरी वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. "आईचं नाव मला ठावं नव्हतं गं," एवढंच म्हणाल्या. आणि डोळे पुसून लगेच, "मग शेवंता ठिवू!"

मला हसू आवरेना. तुम्हीही हसलाच असाल. म्हटलं, वन्सं, आधी त्या पोरीला तर विचारू या. तिथल्या तिथे फोन लावला. "आरती, या घरात तुला काय म्हणून हाक मारायची?"

"आरतीच म्हना की, आत्या," ती म्हणाली, आणि तिला हुंदका फुटला. एवढासा प्रश्न होता हो. तुम्हाला कुणी विचारला नाही, मला कुणी विचारला नाही.

तेव्हा तुम्हाला शब्द देते. तांदळात आरतीच लिहिलं जाईल, आणि महेशच्या हातात अंगठी मी स्वतः देईन. रविवारी पितरांना बोलावण्याची अक्षत ठेवताना तुमचा लेक तुम्हाला शेवंता म्हणून हाक मारेल. रोज सकाळी तो हे नाव मनाशी घोकतोय. तरी सवयीने जीभ घसरलीच आणि भीमाबाई म्हणाला, तर जागच्या हलू नका. मी त्याला पुन्हा हाक मारायला लावीन.

तुमची सून,
रुक्मिण