ऱ्हस्व चिं, दीर्घ चीं

सोमवार, ३ मार्च. सकाळी ८.५०
गाडीला आवाज येतोय. फाटकाबाहेर पडताना ब्रेक दाबला तेव्हा. एकदाच, बारीक.

रोजनिशीत खोटं लिहायचं नाही, म्हणून नोंदवतो: गेल्या सर्व्हिसिंगला मेकॅनिक म्हणाला होता की ब्रेक पॅड घासत आलेत, बदलून टाकू का. मी म्हणालो, नको, वेळ आली की मला कळेल. बायको शेजारीच उभी होती. ती म्हणाली, हो, याला कळेल. मेकॅनिक हसला. हसण्यासारखं काय होतं ते अजून उमगलेलं नाही.

दुपारी २
मेकॅनिकला फोन केला. म्हणाला, सकाळच्या दवानं एखादा बारीक चिं येतो, तो सोडून द्या. पण लांबलचक चीं यायला लागला, रोज आला, तर पॅड संपले समजा. त्यात पत्र्याची एक पट्टी मुद्दाम बसवलेली असते, ती ओरडते. आणि खर्र झालं तर गाडी आणूच नका, मलाच बोलवा.

म्हणजे प्रश्न ऱ्हस्व-दीर्घाचा आहे. एकवीस वर्षं छापखान्याची मुद्रितं तपासतोय. प्रश्न योग्य माणसाकडे आला.

संकल्प: गाडीत आवाजवही ठेवणे. वेळ, ठिकाण, ऱ्हस्व की दीर्घ.

मंगळवार, ४ मार्च
एकूण अकरा आवाज. अकराही ऱ्हस्व. शाळेजवळचा जरा लांबला, पण तिथे उतारच लांब आहे. आवाजाला त्याचा दोष देणं बरं नाही.

रविवारी लेकीची पोहण्याची स्पर्धा, टेकडीपलीकडच्या तलावात. बायकोनं जेवताना शांतपणे सांगितलं की हा आवाज असेपर्यंत पोर या गाडीत बसणार नाही, वरच्या मजल्यावरच्यांच्या गाडीत दोन जागा आहेत. मी विचारलं, आणि मी? ती म्हणाली, तू ये की मागून, चीं चीं करत.

तिने दीर्घ उच्चारला. ऐकणाऱ्याचा पूर्वग्रह.

बुधवार, ५ मार्च
चौदा आवाज. स्वतःला परखडपणे विचारलं: मी सोयीचं तेवढंच ऐकतोय का? उत्तर आलं, नाही. पण उत्तर जरा घाईनं आलं, म्हणून पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदाही नाही.

मग कार्यालयात बसल्या बसल्या नियमच आठवला. अनुस्वार आला की इकार ऱ्हस्व. चिंच, भिंत, डाळिंब. चिं वर अनुस्वार आहे. सबब आवाज कितीही वेळ चालला तरी तो ऱ्हस्वच. इतकं सरळ होतं.

घरी समजावून सांगितलं. बायको भाजी चिरत राहिली. लेक म्हणाली, बाबा, गाडीला व्याकरण येतं का? आठवीतल्या मुलीला शोभेसा प्रश्न.

गुरुवार, ६ मार्च. सकाळी ७
व्याकरणावर विसंबून राहणं एकांगी होईल, म्हणून मोजमापही घेतलं. मेकॅनिकच्या मते पॅड तीन मिलिमीटरच्या खाली गेलं की बदलायचं. चाकाच्या फटीतून लेकीची पट्टी आत सारली. आठ मिलिमीटर. आठ! आवाजवहीत लाल शाईनं लिहिलं, खाली दोन रेघा. पट्टी आत पडली, ती तारेनं काढली. लेकीला सांगितलेलं नाही.

संध्याकाळी
डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा लागला. हँडब्रेक ओढून पुन्हा सोडला. गेला. वळणावर परत आला. दिव्यात काहीतरी लूज असावं.

ब्रेकचं पेडल थोडं जास्त खाली जातंय. माझं वजन वाढलंय का? उद्यापासून चालणे.

चौकात पाववाल्यानं हात करून थांबवलं आणि म्हणाला, साहेब, तुम्ही आलात की मला न बघताच कळतं. लोकांचं प्रेम आहे.

शुक्रवार, ७ मार्च
उपाय सापडला. घसा बसला की आपण काय करतो? मौन. गाडीला एक दिवस पूर्ण विश्रांती. मी बसने जातोय. बायकोला कल्पना इतकी पटली की दोनदा विचारलं, संध्याकाळपर्यंत नक्की नेणार नाहीस ना? किल्ली खुंटीवरच ठेव, असंही आपणहून म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात असा पाठिंबा क्वचित मिळालाय.

बसमध्ये उभा. ब्रेकचा आवाज नाही. बसही विश्रांती घेत असणार अधूनमधून.

शनिवार, ८ मार्च
आवाज बंद. पूर्ण बंद. पेडल वरच्या वर लागतंय. लाल दिवाही गेला. चालण्याचा गुण, एकाच दिवसात.

बायकोला म्हटलं, बस आता गाडीत. म्हणाली, बसते. वाद नाही, टोमणा नाही. चुकलं की चुकलं म्हणणारी बाई आहे. मीही जुनं काही उकरलं नाही. दोनदाच उकरलं.

रविवार, ९ मार्च. दुपारी १
टेकडी उतरलो. एक चकार नाही. वाटेत विश्रांतीमागचं शास्त्र दोघींना सांगितलं. बायको खिडकीबाहेर बघत होती, खांदे हलत होते. लेकीनं पूर्ण रस्ताभर तोंडात टॉवेल धरला. स्पर्धेचं दडपण.

लेक चौथी आली. पार्किंगमध्ये तीन पालकांना गाडी झोपवण्याची पद्धत समजावली. एकानं लिहून घेतली.

संध्याकाळी ६
ओला टॉवेल ठेवायला डिकी उघडली. कोपऱ्यात कागदात गुंडाळलेलं काहीतरी जड. उघडलं. चार जुने ब्रेक पॅड. एकावर पाठचं लोखंडच तेवढं उरलेलं, आणि ती ओरडणारी पत्र्याची पट्टी, घासून चकचकीत.

कागद ओळखीचा. माझ्याच आवाजवहीची पानं.

लाल शाईतल्या आठ मिलिमीटरखाली मेकॅनिकचं अक्षर: लोखंड धरून मोजलंय. लोखंड सहा.

त्याखाली बायकोचं: शुक्रवारी बदलले. तुला कळेल म्हणून सांगितलं नाही.

आणि अगदी तळाशी, समासात, मीच शिकवलेल्या खुणेनं ‘चिं’ वर काट मारून, लेकीचं: बाबा, तुमचा नियम शब्दाच्या शेवटी नसलेल्या इकाराचा. एकाक्षरी शब्दातला इकार नेहमी दीर्घ. उदा. ही, ती, चीं.

तपासून पाहिलं. बरोबर आहे. पहिलं उदाहरण तेवढं तिनं गाळलंय, बहुधा मला वाईट वाटू नये म्हणून. व्याकरणाच्या पुस्तकात ते सर्वात आधी येतं.

मी.