रेघ मारलेला ओ

मार्स्टाल, ५ मे २०१०

चि. टिल्डेस गुड्रुन आत्याचे आशीर्वाद, पण जरा हातचे राखून.

फोनवर तू नुसती खिदळतेस, म्हणून पत्र. रविवारी माझ्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम टाकलीस, रॉकेट होईल म्हणालीस. झालंय रॉकेट! फक्त मला आत घेत नाही. पासवर्ड चुकीचा म्हणे. सात वर्षं तोच वापरतेय मी!

शनिवारी, पंधराला, तुझ्या आईबाबांच्या लग्नाला पंचवीस वर्षं. जेवताना सगळ्यांनी म्हणायचं गाणं, माझी एकवीस कडवी, त्या डब्यात कोंडली आहेत. कागदावर एक ओळ नाही. काहीतरी कर बाई.

उरलेला लोभ गाणं हातात आल्यावर.
गुड्रुन आत्या

ओरहूस, ७ मे

ती. आत्या, साष्टांग नमस्कार. खरंच साष्टांग, कारण चूक माझीच!

सिस्टिमने भाषा विचारली आणि मी स्टाइल मारत इंग्लिश दाबलं. आता तुझा कीबोर्ड स्वतःला इंग्रज समजतोय. तू आपला डॅनिश रेघ मारलेला ओ दाबतेस, तो गुपचूप एकेरी अवतरणचिन्ह टाकतो! दिसतात नुसते ठिपके, मग कळणार कसं? तुझ्या पासवर्डात तो ओ आहे ना? मग ऑल्ट दाबून धर, उजवीकडच्या आकड्यांवर ०२४८ मार आणि सोड. कसलं भारी आहे ना?

नाहीच जमलं तर शेजारच्या बोर्गेकाकांना बोलव. ज्यांनी जन्मभर फेरीबोटीचं इंजिन सांभाळलं त्यांना चार आकडे काय जड? पण पासवर्ड आहे तरी काय गं? सांग ना!

रागावलीस तरी लोभ चालू ठेव.
तुझीच गुन्हेगार, टिल्डे

मार्स्टाल, १० मे

चि. टिल्डेस या वेळी भरभरून आशीर्वाद.

ऑल्ट धरून आकडे मारणं माझ्या बोटांना काही जमेना. शेवटी बोर्गेंना कॉफीला बोलावलं. ते खुर्चीत बसले, बोटं तयार ठेवली आणि पासवर्ड विचारला. एकीकडे एकवीस कडवी, एकीकडे माझी अब्रू! मी म्हटलं, एकेक अक्षर सांगते, तेवढंच मारा. वाटलं, त्यांच्या लक्षात येणार नाही. आधी बी. मग तुझे ०२४८. मग आर. मग जी. तिथे त्यांचं बोट जरा थांबलं.

शेवटचं ई त्यांनी मी न सांगताच मारलं.

गाणं मिळालं. आईला सांग, शनिवारी माझ्या शेजारी एक खुर्ची जास्त मांड. आणि खिदळू नकोस.

लोभ आता दोघांचा आहे, पुरवून वापर.
गुड्रुन आत्या