आयोवाच्या मुली, बोरखिंडच्या मुली

धाहरान, शुक्रवार सकाळ

प्रिय शोभना,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. पत्राला मध्येच तोडता येत नाही. आपल्या शाळेच्या खो-खोच्या पुस्तकात तुझा फोटो नको, नाव तर मुळीच नको, असं तू ठणकावून सांगितलंस. सदतीस वर्षं गावाने हसून घेतलं ते पुरे झालं, आता छापून कशाला, हे तुझं म्हणणं. पण मी किती हट्टी आहे ते तुला माहीत आहे. इथे सौदीत बायकांना गाडी चालवायची मुभा मिळाली, तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते. विनय नको नको म्हणत असताना लायसन्स काढलं आणि पहिल्याच आठवड्यात नवरोबालाच ऑफिसात सोडून आले. तेव्हा हे पत्र फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून मग फाड.

या पुस्तकाचं खूळ कुठून आलं ते तुला कधी सांगितलं नाही. विनयच्या कंपनीतली अमेरिकन कुटुंबं नोकरी संपली की मायदेशी जातात. सोफे विकतात, मांजरं बरोबर नेतात आणि पुस्तकांची खोकी दाराबाहेर ठेवून जातात. मी आणि सहर ती गोळा करून आमच्या वाचनखोलीत लावतो. सहर इथलीच, माझ्या मुलीच्या वयाची. जागा संपली की ती खलास, खलास म्हणत हात झटकते आणि मी गाडीतून आणखी दोन खोकी काढते. मला आपली अमेरिका म्हणजे न्यूयॉर्कच्या उंच इमारती एवढीच ठाऊक. खोक्यांतून निघाली भलतीच. लुईझियानाच्या पाणथळ भागातल्या कोळ्यांचा इतिहास, मेनमधल्या खेड्यांच्या कथा, टेक्सासच्या शाळांचं फुटबॉल. एकेक गाव आपल्या बोरखिंडएवढं आणि त्याच्यावर पुस्तक चारशे पानांचं! मला रागच आला, खरं सांगते. कौतुक नंतर वाटलं.

त्यातलं एक पुस्तक मी तीनदा वाचलं. आयोवा नावाच्या मक्याच्या मुलखातलं एक गाव आणि तिथल्या शाळेतल्या मुलींचं बास्केटबॉल. लिहिलंय कुणी, तर पोस्टातून निवृत्त झालेल्या एका बाईंनी. कोणत्या साली कोण खेळली, बर्फात बस अडकली तेव्हा कुणाच्या घरी सगळ्या जेवल्या, कोण पुढे कुणाची सून झाली, सगळं. आपल्या पोरी चार वेळा जिल्हा जिंकल्या, आणि त्याचा कागद कुठे? शाळेच्या कपाटात, अर्धा वाळवीच्या पोटात. मग मी पदर खोचला. दोन वर्षं फोन केले. एकसष्ट जणी सापडल्या. एक सरपंच आहे, एकीची पिठाची गिरणी आहे, एक आजी झाली तरी अजून नातवंडांना झुकांडी देते. आणि तुझी लेक अनुष्काही बोलली माझ्याशी. शाळेत तिला खो-खो खेळायचं होतं, तू तिचं नाव बुद्धिबळात घातलंस म्हणाली. त्या दिवशी मला काही काम सुचेना.

त्या आयोवाच्या पुस्तकाच्या शेवटी दोन पानं आहेत, मथळा नुसता 'दुरुस्ती'. गावाने इतकी वर्षं जे चुकीचं धरून ठेवलं, ते बाईंनी नावानिशी नीट करून ठेवलंय. एका मुलीवर हरल्याचा ठपका होता, प्रत्यक्षात घड्याळच बंद पडलं होतं, अशा गोष्टी. ती पानं वाचताना मला आपली अठ्ठ्याऐंशीची फायनल दिसत होती. शेवटची पाळी, आपण पळतीला. पंचांनी चार ते सहा नंबरच्या दुसऱ्या तुकडीसाठी तुझं नाव पुकारलं आणि तू बाकावर निवांत वेणी घालत बसलेली. दोन खो पडले तरी आत आली नाहीस म्हणून बाद. एका गुणाने कप गेला. तू रडून सांगत होतीस की तुझा नंबर सातवा, तिसऱ्या तुकडीत. पण गुणलेखकाच्या टेबलावरच्या यादीत तू सहावी होतीस. ती यादी बघून कॅप्टनलाही वाटलं, नावांची अदलाबदल करायला आपणच विसरलो. तेव्हापासून कुणाची एसटी चुकली की गाव म्हणतं, शोभना झाली.

ती यादी मी लिहिली होती, शोभे. चष्म्यामुळे मला खेळायला घेत नसत, पण अक्षर मोत्यासारखं, म्हणून टेबलावर बसवलेलं. कॅप्टनने दिलेल्या चिठ्ठीत सहावं आणि सातवं नाव बाण काढून बदललं होतं. सुंदर अक्षरात उतरवण्याच्या नादात मी बाण पाहिलाच नाही. तू बाद झालीस तेव्हा चिठ्ठी माझ्या मुठीत होती. तेव्हा दिसला बाण. मी ती चिठ्ठी तिथेच चावून गिळून टाकली, आणि पुढे तुझ्या लग्नात, अनुष्काच्या बारशाला, तुझ्या घरचं तितक्याच निर्लज्जपणे जेवले. माफी मागते, पण माफ कर असं म्हणत नाही. ते तुझं तू ठरव. मिरजेच्या छापखानेवाल्या अशोकने शेवटचं पान अडवून ठेवलंय. त्यावर हे सगळं माझ्या नावानिशी आहे आणि ते छापलं जाणारच, तू फोटो दे वा न दे. गॅदरिंगला प्रकाशन आहे, त्याच ग्राउंडवर. मी येतेय, माईकवर ते पान मीच वाचणार आहे. फोटोची जागा रिकामी सोडली आहे. तू खांबावर झेप घेतलेला आहे बघ, तो पाठव. आणि अनुष्काला पहिल्या रांगेत बसव. यापुढे बोरखिंडात कुणाची एसटी चुकली, तर लोकांना म्हणू दे, निवेदिता झाली.

सदतीस वर्षं उशिरा का होईना, पण तुझीच,
निवेदिता