मास्तर म्हणजे कसले मास्तर

१२ जाने. १९५३
नाच्याचं काम करणारा नट तापानं आडवा. दिग्द. साहेब म्हणाले, "सगळा नाच तुम्हीच बसवलाय. उभे राहा, मास्तर." राहिलो. पहिला शॉट वाया. मनात एक-दोन-तीन-चार मोजत होतो, ओठ हलले. दुसऱ्याला सेटवरचे सुतारसुद्धा हसले. बरं वाटलं. बरं वाटलं याचीच लाज वाटतेय.

१३ जाने.
शांताला सांगितलं. भाकरी थापता थापता थांबली. "आता त्वांड दिसणार की पडद्यावर. आबांना काय सांगू?"
तिच्या वडलांना गारगोटीत अजून वाटतं, जावई शाळेत मास्तर. लग्न जुळवताना मध्यस्थ म्हणाला, "पोरगा मास्तर हाय." ते खोटं नव्हतं. मी गप्प बसलो ते खोटं. आठ दिवसांत शांताला कळलं. तेव्हापासून सहा वर्षं माहेरी गेली की माझी शाळा तीच चालवते.

२ मार्च
आबा आले, गुळाची ढेप घेऊन.
"पावणं, यंदा कितवी हाय तुमच्याकडं?"
"चौथी."
शांतानं चुलीकडं तोंड फिरवलं.
"आमच्या आळीत तुमचं नाव घिऊन पोरं शाळंत धाडत्यात, व्हय!"
एवढा साधा माणूस. आणि मी निर्लज्जपणे वर हजेरीपटाच्या गप्पा मारल्या.

१९ जुलै
सिनेमा लागला. माझ्या कामाला शिट्ट्या. बाहेर एकजण ओरडला, "ओ मास्तर, हलवा की जरा कंबर!" मी हसून हात केला. शांता चार पावलं पुढं निघून गेली.
दुसऱ्या कंपनीचं बोलावणं. मोठं काम, पुन्हा नाच्याच. हो म्हणून आलो. तिला विचारलं नाही.

२० जुलै
तिला वाटत असेल, नवरा नाचतो म्हणून मान खाली. तसं म्हणालो. उसळलीच.
"नाचाची लाज मला न्हाय. तुमास्नी हाय. न्हायतर मला का खोटं बोलाय लावलं असतं?"
चप्पल घालून रंकाळ्याला दोन फेऱ्या मारल्या.

८ नोव्हें.
आबांचं कार्ड, दुसऱ्याच्या हातचं. गारगोटीत तंबूचा सिनेमा आलाय. 'आळीतले बघून आले. काहीबाही बोलतात. मी अजून गेलो नाही. शाळेची रजा काढून या, दोघं मिळून बघू. तुम्ही सांगाल ते मी खरं धरीन.'
शांतानं दोनदा वाचलं. जेवली नाही.

९ नोव्हें., सकाळ
उत्तर लिहिलं: परीक्षा जवळ आल्या, रजा मिळत नाही. टपालात टाकायला निघालो तर शांता दारात, नेसून तयार, हातात पिशवी. कार्ड मागून घेतलं. वाचलं.
"टपालात कशाला? मी चाललेच हाय. माझ्या हातानं दिते आबांना. येवढं एक खोटं तरी तुमच्या अक्षरात जाऊ द्या."
"शांता, थांब की…"
"थांबलीय. चला, न्हायतर जाते."
गारगोटीची मोटार दहाला सुटते. साडेनऊ झाले. ती पायरीवर बसलीय, आणि मी आत हे लिहीत…