लोणच्याच्या परवान्यावर एफ्फतचं गाणं

रश्त, इराण, शुक्रवार सकाळ

आदरणीय महलका मावशीस,

सोदाबेचा आदबीने सलाम. तुझी दुखरी दाढ, सज्ज्यातली डाळिंबं आणि ती चावरी मांजर, तिघांचीही खुशाली असो. आम्ही इकडे मजेत आहोत, म्हणजे कालपर्यंत तरी कुणी धरून नेलेलं नाही.

मी एफ्फत खानमवर माहितीपट करते आहे. (नाव वाचून चष्मा काढून ठेवू नकोस, पुढे वाच.) गाणाऱ्या बाईवर फिल्म म्हटलं की परवाना कचेरी दारातूनच वाटेला लावते, म्हणून मी अर्जात 'गिलान प्रांताची पारंपरिक लोणची' असं लिहिलं. परवाना तीन दिवसांत हातात पडला, वर तिथल्या सबूरीसाहेबांनी वांग्याच्या लोणच्याची चौकशीही केली. तेव्हापासून आम्ही रोज एफ्फत खानमच्या स्वयंपाकघरात आधी लसूण सोलतो, मग ती गाते. (आवाज टिपणाऱ्या कावेला त्याची बायको हल्ली जेवायलाही लांब बसवते.) शहात्तराव्या वर्षी काय आवाज आहे मावशी! पंचेचाळीस वर्षं न्हाणीघरात नळ सोडून गायलेला. "नवऱ्याला मरेपर्यंत वाटत होतं, बायको फार स्वच्छ आहे," म्हणते.

मंगळवारी सबूरीसाहेब न सांगता तपासणीला आले. एफ्फत खानम ऐन रंगात होती. मी वळून बघते तर हे बूट हातात घेऊन उंबऱ्यात उभे! कावेने घाबरून माइक लसणाच्या टोपलीत खुपसला. गाणं तुटलं. साहेब खाकरले, म्हणाले, "मला काही ऐकू आलं नाही." मग हळूच, "पण शेवटचं कडवं राहिलं ना?"

"ऐकूच आलं नाही, तर राहिलेलं कसं कळलं रे बाळा?" एफ्फत खानम म्हणाली.

"आई हेच गाणं म्हणायची," साहेब म्हणाले आणि बुटांकडे बघत राहिले.

मग तीन पेले चहा पिऊन त्यांनी नियम सांगितला. एकट्या बाईचा आवाज त्यांना कापावाच लागेल, पण दोघी मिळून गायल्या तर तो समूह, आणि समूहावर ते सही करतील. आम्ही शेजारच्या तूबा खानमला बोलावलं. उत्साह दांडगा, पण सुराशी जन्माचं वैर. दुसऱ्याच ओळीला एफ्फत खानमने तिला वांगी चिरायला बसवलं. मग मला म्हणाली, "माझ्याबरोबर गाणारी एकच होती. बायकांच्या गाण्यावर बंदी आली तेव्हा ती घाबरली, आणि मी तिला चारचौघींत भित्री म्हटलं. घाबरले तर मीही होते गं."

तू लगेच काही बोलू नकोस. दाढेला लवंग लाव.

तुझी लाडकी (तूच म्हणतेस),
सोदाबे

ता. क. माझा कसलाही आग्रह नाही. वरचा सूर आता महलकाला लागायचा नाही, असं एफ्फत खानम म्हणते. शब्द तिचे, माझे नव्हेत.

ता. क. २. हे पत्र आणून देणारी करड्या कोटातली बाई तू ओळखली नसशील, कारण तुम्ही दोघी शेवटच्या भेटलात तेव्हा तिचे केस काळेभोर होते. पत्र देऊन लगेच निघते, असं तिने मला कबूल केलंय, पण ती जिन्यातच उभी असणार. आधी दार उघड.