राणीच्या कागदावरची तीट

सातारा, कारखान्याचं मागचं गेट

कवठे महांकाळ मुक्कामी अर्जुनाण्णांना जोतिबाचा वाकून रामराम.

पत्राला अडीच महिने उशीर झाला, रागावू नका. दोनदा लिहायला बसलो, दोनदा लाज वाटली आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. (एक धुण्यात गेला.) तुमचा गुडघा कसा आहे? सुलावहिनींचा खोकला थांबला का? बकरी यंदा चरायला किती लांब न्यावी लागली? इकडं सगळं ठीक आहे, म्हणजे आता ठीक आहे.

तुमची राणी इथं आमच्या गेटवर परमनंट झाली हे तिनं तुम्हाला फोनवर सांगितलंच असेल. पण ती नोकरी हातची जात होती आणि घालवणारा मी होतो, हे तिनं सांगितलं नसणार. स्वभाव तुमच्यावर गेलाय.

तिला सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर घेतलं होतं. शेवटी नव्या माणसाचा एक कागद भरायचा असतो. वेळेवर येते का, नजर कशी आहे, बोलणं कसं आहे. गेटवरचा जुना वॉचमन म्हणून तो कागद माझ्याकडं आला. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी (शाळेचं छप्पर उडालं आणि मी बकऱ्यांमागं गेलो), त्यामुळं मी तो दोन दिवस डब्याखाली दाबून ठेवला. त्यात त्याच आठवड्यात राणीनं मालकांची गाडी अडवली. डिकी बघितल्याशिवाय गाडी बाहेर सोडायची नाही असा नियम आहे, पण मी चौदा वर्षं त्या गाडीला सलाम ठोकत आलोय. मी मागून खुणा करतोय आणि ही काच वाजवून म्हणते, "साहेब, डिकी." मालक स्वतः उतरले. डिकीत कांद्याचं पोतं निघालं. नियम मालकालाही सोडत नाही म्हणून ते इतके खूष झाले की कँटीनच्या रंगुबाईपासून एचआरच्या प्रांजल मॅडमपर्यंत जो तो राणी राणी करायला लागला.

आण्णा, आपल्यात चांगल्या कोकराला चांगलं म्हणतात का? तुमच्या वडिलांना कुणी मेंढा छान आहे म्हटलं की ते लगेच म्हणायचे, कशाचा छान, लंगडतोय. आणि ही राणी तान्ही असताना वहिनी तिच्या गालाला बोटभर काजळ फासायच्या. मग एवढ्या कौतुकाचा कागद उघडा कसा पाठवायचा? तो मॅडमकडून मॅनेजर साहेबांकडं जाणार, तिथून पुण्याच्या हेड ऑफिसला. किती डोळे त्याच्यावर! मी सगळीकडं 'उत्तम' लिहिलं आणि खाली शेऱ्याच्या जागी बारीक अक्षरात तीट लावली : 'ड्यूटीवर डुलक्या घेते.'

दोन दिवसांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. साहेब म्हणाले, गेटवर झोपणारं माणूस कायम करता येत नाही. राणी माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, तेवढा शेरा खरा नाही. साहेब म्हणाले, मग वरचं उत्तम तरी खरं कशावरून? शेवटी प्रांजल मॅडमनी गेटचा कॅमेरा लावला आणि आठ दिवसांच्या दुपारी पळवत दाखवल्या. राणी उभी आहे, राणी टेंपो तपासतेय, राणी फाटक लावतेय. आणि तिच्या मागं खुर्चीत पांढऱ्या मिशांचा एक माणूस, मान छातीवर. रोज. एके दुपारी त्याची टोपी पडते आणि राणी ती झटकून त्याच्या डोक्यावर ठेवते, तेही दिसलं. (मला इतके दिवस वाटायचं, टोपी मापाची मिळालीय.)

पहिल्यांदा राणीच बोलली. "साहेब, तात्यांनी मला नावं ठिवली न्हाईत. आमच्यात लेकराला दृष्ट लागू नये म्हणून गालाला काळं लावत्यात. तात्यांनी ते कागदाला लावलं."

साहेबांनी शेऱ्यावर रेघ मारून सही केली.

बाहेर आल्यावर आता ही मला फाडून खाणार म्हणून मी उभा राहिलो, तर तिनं चहा आणून दिला. आण्णा, अशी लेक तुम्ही वाढवली आणि विश्वासानं माझ्या गेटवर धाडली, त्याबद्दल तुमचे आणि वहिनींचे किती उपकार मानू? पुढच्या खेपेला आलो की तुमच्या पायावर डोकं ठेवीन. गुडघ्याला धक्का न लावता.

तुमचा,
जोतिबा

ता. क. लिहायचं ते राहिलंच. या महिन्यात मला साठ पूर्ण झाली. कंपनी म्हणते, आधी कागद बघू, मग तीन महिने प्रोबेशनवर ठेवू, जमलं तर आणखी दोन वर्षं देऊ. माझा कागद मॅडमनी राणीकडं भरायला दिलाय. शेऱ्यात काय लिहिणार म्हणून मी सहज विचारलं, तर म्हणाली, "तात्या, तुमच्या कागदाला तीट बाहेरनं आणाय लागत न्हाई." आणि हसली. ते हसणं कसलं, हे बाप म्हणून तुम्हालाच कळेल. तिला एवढंच सांगा की शेऱ्याची जागा कोरी ठेव. माझ्या कागदाला दृष्ट लागली तर लागू दे.

ता. क. दुसरा. मी आता खुर्चीत बसत नाही, उभाच असतो. वर मधेच शाईचा ओघळ दिसेल, तिथं मी डोळे मिटून विचार करत होतो.

कागद सोमवारी वर जाणार. सोमवारच्या आत ती तुम्हाला काय म्हणाली ते कळवा, चिठ्ठी साताऱ्याच्या एसटीत कंडक्टरकडं द्या. मला फोन तेवढा करू नका. गेटवरचा फोन तीच उचलते.